तीन मीटर

जमिनीखालची वीजकेबल कुठं तुटली, हे दाखवणारं यंत्र उत्कर्षानं बनवलं होतं. केबलमध्ये सिग्नल सोडायचा आणि तुटलेल्या जागेवरून तो परत यायला लागलेला वेळ मोजायचा. तो वेळ इतका सूक्ष्म, की तो मोजायला चिपमध्ये शेकडो गेटांची, म्हणजे बारीक स्विचांची, साखळी करून सिग्नलला कणाकणानं अडवावं लागे. पण चिप तापली की साखळीची चाल बदले. म्हणून तिनं शेजारीच दुसरं सर्किट बसवलं. ते साखळीचा विलंब सतत तपासून जागेवर आणत राही.

भागीदार दिग्विजयला तेच खुपलं.

"अर्धी चिप हेच खातंय. काढलं तर लहान, स्वस्त चिपवर भागतंय की."

"उन्हात जागा चुकेल, दिग्विजय. दोन-तीन मीटरनं."

"मग थोडं जास्त खणतील. त्यात काय मोठं?"

ती आठवडाभर भांडली. कॉलेजपासूनची मैत्री, एमआयडीसीतला दोघांनी मिळून उभा केलेला गाळा... शेवटी तिनंच आपल्या हातानं ते सर्किट काढून टाकलं.

मे महिन्यात वळसंगच्या रस्त्यावर केबल तुटली. यंत्रानं दाखवलं तिथं खोदकाम करणाऱ्या सोमलिंगनं पहार घातली. खाली दुसरी केबल होती, चालू. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशीच्या साहेबांपुढं दिग्विजयनं सरळ हात झटकले. "डिझाइन सगळं मॅडमचं. मी फक्त मार्केटिंग बघतो."

"यानंच काढायला सांगितलं होतं," उत्कर्षा म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "ते काढलं तर काय होईल, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

तिला होकारार्थी मान हलवावी लागली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. सोमलिंगची बायको रत्नम्मा त्याला चमच्यानं पेज भरवत होती. उत्कर्षानं उभ्या-उभ्याच सांगून टाकलं, की यंत्र आपलं आणि चूकही आपली.

"कशानं चुकलं वो?" रत्नम्मानं विचारलं.

"ऊन फार होतं..."

"ऊन तर हितं दरसाल असतंय की, बाई."

सोमलिंगनं बँडेजमधले हात उशीवर जरा सरकवले.

"मग तुटलं हुतं कुटं, बाई?"

"तुम्ही खणलंत तिथून तीन मीटर मागं."



"म्हंजी त्या लिंबाखाली," तो म्हणाला. "तितंच तर आमी भाकरी खायला बसलो हुतो."