सतरा नंबरच्या फळ्या

"फरशी सपाट नसेल तर डॅड तिथं एक रात्रसुद्धा झोपणार नाही," मार्लानं फोनवर बजावलं. "मी पाचला येतेय. टेबलावर पाण्याचा पेला ठेवून बघणार. तिरपं दिसलं की तुम्हाला दोघांना घरी नेणार आणि ट्रेलर विकून टाकणार."

पोटची पोर, पण बोलते हेडमास्तरीणबाईसारखी.

तिची भीती खोटी नव्हती म्हणा. गेल्या सप्टेंबरात तिच्या नवऱ्यानं, कर्टनं, आमचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, तळ्याकाठच्या कॅम्पवर लावून दिला होता. कोपऱ्यातले चार लोखंडी पाय असतात ते ट्रेलर डुगडुगू नये म्हणून. त्या शहाण्यानं त्यांच्यावरच अख्खा ट्रेलर उचलायला घेतला. ट्रेलर तिरपा राहिला तो राहिलाच. वेंडेलला पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्याचा उजवा हात साथ देत नाही, उजवा पाय ओढत येतो, आणि जरा उतार असला की दगा देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना माझा नवरा आडवा झाला आणि मनगट मोडून बसला.

मनगट जुळलं. पण हॉस्पिटलमधून येताना तो म्हणाला, "देऊन टाकू, आर्डिस. झालं आपलं."

एकतीस उन्हाळे याच तळ्याकाठी, याच सतरा नंबरच्या जागेवर काढलेला माणूस असं म्हणतो! मला असा राग आला! सबंध हिवाळा त्याच रागावर काढला. जूनमध्ये ट्रेलर जोडून ट्रक मी चालवत आणला, आणि आज दुपारी दोनला आम्ही सतरा नंबरवर हजर.

वेंडेलला झाडाखाली खुर्चीत बसवलं आणि चाकांखाली घालायच्या त्याच्या फळ्या काढल्या. या फळ्या अख्ख्या कॅम्पला माहीत. प्रत्येक फळीवर त्याच्या बारीक पेन्सिलीत लिहिलेलं असतं, कुठल्या जागेवर कुठल्या बाजूला किती. '१७: डावीकडे दोन.' शेजारची मंडळीसुद्धा येऊन वाचून जातात.

आमच्या ट्रेलरला दोन आस. म्हणजे एकेका बाजूला पुढंमागं दोन चाकं, आणि दोन्ही फळीवर चढली पाहिजेत. एकच चढलं तर सगळं ओझं त्याच्यावर. डावीकडं दोन लांब फळ्या एकावर एक ठेवल्या आणि ट्रक मागं घेतला. उतरून बघ, चढून घे, परत उतरून बघ, असं चारदा केलं तेव्हा दोन्ही चाकं नीट चढली.

पातळी बघायची बुडबुड्याची नळी दारात ठेवली. बुडबुडा उंच बाजूला पळतो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. तो डावीकडं पळाला आणि टोकाला जाऊन चिकटला.

"मदत करू का गं?" शेजारचा आर्लो. हातात कॉफी, मागं आणखी दोन रिकामटेकडे.

"नको. जमतंय."

आता फळी काढायची की घालायची? कुणीही सांगेल, काढायची. पण वेंडेलनं लिहिलंय म्हटल्यावर माझी अक्कल गहाण! मला वाटलं, नळीच बिघडली. म्हणून डावीकडं तिसरी घातली. आत कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि बश्या धडाधड खाली आल्या.

"मी काय म्हणतो, दोन मिनिटांचं काम आहे," आर्लो म्हणाला.

"नको म्हटलं ना, आर्लो."

वेंडेल खुर्चीतून म्हणाला, "फळ्या बरोबर आहेत. तुझंच काहीतरी चुकतंय. सोड आता, आर्डिस. मार्ला म्हणते तेच खरं."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ते दिसू नये म्हणून मी ट्रेलरखाली घुसले आणि गुडघ्यांवर बसले. आणि तिथं दिसलं. डावीकडची खडी नवी कोरी! वसंतात कॅम्पवाल्यांनी चांगली अर्धी वीत खडी टाकली होती, जुने खड्डे सगळे बुजले होते. खुर्चीतून ते दिसणारच नव्हतं. आता खाली होती ती उजवी बाजू. फळीवरचं लिखाण बरोबरच होतं, पण गेल्या वर्षीपर्यंत.

बाहेर आले तर आर्लो समोर उभा. "आता तरी मी लावू का?"

आमच्याकडं मदतीला दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, इतकं म्हणतोस तर" म्हणून घ्यायची. तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. माझी आई मेल्यावर चुलत्याला तिसऱ्यांदा नको म्हटलं होतं, तो नऊ वर्षं बोलला नाही.

"नको," मी म्हणाले.

आर्लोची कॉफी ओठाशीच राहिली. त्याचा चेहरा लाल झाला. मला लाज वाटली, पण शब्द मागं घेतला नाही. आज ते लावून गेले असते, तर पुढच्या वेळी? त्याच्या पुढच्या वेळी?

ट्रेलर पुढं ओढला. डावीकडच्या फळ्या काढल्या, उजवीकडं एक ठेवली, पुन्हा मागं घेतला. बुडबुडा मधल्या दोन रेघांकडं आला आणि एका रेघेवर अडला.

"झालं की! एवढं चालतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुझ्या पायाला चालत असेल," मी म्हणाले. "त्याच्या पायाला नाही चालत."

पण अर्ध्या बोटाच्या जाडीची फळी आणायची कुठून? ट्रेलर पुढं घेऊन उतरले, तर खडीवर प्लायवूडची एक लांब पट्टी पडलेली. मघाशी तिथं काही नव्हतं. आर्लो पाठमोरा उभा राहून तळ्याकडं बघत होता, आयुष्यात पहिल्यांदा पाणी बघितल्यासारखा. त्यानं विचारलं नाही आणि मी नको म्हटलं नाही. पट्टी फळीखाली सरकवली आणि ट्रक पुन्हा मागं घेतला.

बुडबुडा मधोमध! चाकांना पुढूनमागून पाचरी ठोकल्या, मग ट्रक सोडवला, ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा जॅक फिरवून पुढची बाजू जुळवली. कोपऱ्यातले पाय शेवटी, नुसते जमिनीला टेकवले.

मार्ला पाचाला दहा कमी असताना आली. पेला घेऊन आत जाणार तोच वेंडेल म्हणाला, "पेला राहू दे. मी बघतो."

आम्ही दोघींनी धरून पायरी चढवली. आत गेल्यावर त्यानं आमचे हात सोडवले. दारापासून पलंगापर्यंत सात पावलं. मार्ला पुढं झाली, मी तिचा दंड धरला. एक. दोन. उजवा पाय ओढत आला, पण घसरला नाही. ओट्याला त्यानं बोटसुद्धा लावलं नाही. पलंगावर बसला आणि बराच वेळ आपल्या पायांकडं बघत राहिला.

"उरलेल्या फळ्यांतली एक आण," मला म्हणाला. "आणि पेन्सिल."

आणली. डाव्या हातानं त्यानं आपली सतरा नंबरची ओळ खोडली. वेड्यावाकड्या रेघा, पण पक्क्या. मग 'उजवीकडे' लिहायला गेला, तर पहिलंच अक्षर उमटेना. मार्लानं तोंड फिरवलं.

त्यानं पेन्सिल माझ्या हातात दिली.

"तू लिही," वेंडेल म्हणाला. "उजवीकडे एक, आणि आर्लोची पट्टी. पुढच्या वर्षी लागेल."