खोकडाचं शेपूट

आमच्या रुपराव मोठेबाबांशी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाशी, मी दर होळीला गावी जाऊन भांडतो. विषय एकच, धुळवडीची पारध. शहराच्या कडेला, बेसाच्या पुढचं आमचं गाव आता प्लॉट पाडणाऱ्या ले-आउटवाल्यांनी अर्धं गिळलंय, पण धुळवडीच्या सकाळी माणसं कुत्री घेऊन खोकडामागे पळणार म्हणजे पळणार. खोकड म्हणजे मांजरापेक्षा थोडा मोठा, झुपकेदार शेपटीचा कोल्हा. चार उपाशी कुत्री त्याचं काय करतात, ते मी लहानपणी पाहिलं होतं. आठ दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

"कायद्यानं गुन्हा आहे, मोठेबाबा," मी यंदाही सुरू केलं.

"तुह्या कायद्याच्या आंधीपासून पारध आहे," ते बिडी विझवत म्हणाले. "भुईमुंग उकरते, कोंबड्या नेते थे. अन् ले-आउटच्या जेसीबीनं एका सालात जेवढी बिळं बुजवली, तेवढी खोकडं माह्या खानदानानं मारली नसन. त्याले कायदा नाही काय गा, विक्रम?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

पारधीची एक रीत आहे. कुत्र्यांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं आणि निघताना त्यांना गेल्या वर्षीच्या खोकडाचं शेपूट हुंगवायचं. या वासामागे मांस मिळतं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. शेपूट हुंगवल्याशिवाय पारध निघत नाही, अपशकुन मानतात.

मी ते शेपूटच चोरलं. खुंटीवरच्या फडक्यातून काढलं आणि गाडीत, चिकूच्या टोपलीतल्या गादीखाली सरकवलं. चिकू माझ्या मुलीचा, भूमिकाचा, वीतभर उंचीचा पांढरा कुत्रा. दहा वर्षांच्या पोरीच्या कुत्र्याखाली कोण हात घालणार? स्वतःच्या डोक्यावर मी जाम खूश होतो.

अर्धा तास शोधाशोध चालली. शेवटी मोठेबाबा अंगणात येऊन शेजारच्या मारोतरावांना म्हणाले, "जाऊ द्या. यंदा नाही निघत पारध. कुत्र्यांले सोडा, भाकर टाका बिचाऱ्यांले."

मी टाळ्या वाजवायचाच बाकी होतो. इतक्या वर्षांची कटकट एका शेपटावर मिटली! जिंकल्याच्या तोऱ्यात मी चहा मागायला स्वयंपाकघरात गेलो.

गाडीत उकडतंय म्हणून भूमिकानं चिकूची टोपली ओसरीवर आणून ठेवली होती. हे मला माहीत नव्हतं.

साखळ्या खळखळल्या. मग भूमिका किंचाळली. तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी बाहेर धावलो तेव्हा मारोतराव काठी हाणत होते आणि मोठेबाबा, सत्तर वर्षांचा माणूस, चार जबड्यांच्या मधे हात घालून ओढत होते. त्यांनी ओढून काढलं तेव्हा त्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कपातला माझा चहा अजून गरम होता.

ओसरीभर गादीचा कापूस पसरला होता. कापसात शेपूट पडलं होतं.

मोठेबाबांनी ते उचललं. मनगटातून रक्त गळत होतं. त्यांनी शेपटाकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. मला लाजेनं मरावंसं वाटलं.

"हे चिकूच्या टोपलीत कोणी ठेवलं?" भूमिकानं विचारलं. ती रडतही नव्हती.

मी वाकून कापूस गोळा करायला लागलो. मोठेबाबा थांबले, मला पुरेसा वेळ दिला त्यांनी.

"म्याच ठेवलं, बेटा, तुह्या आबाजीनं," ते म्हणाले. "बुढा झालो. ध्यानात नाही राह्यलं."

भूमिकानं त्यांच्या त्याच रक्ताळलेल्या हातावर दोन्ही मुठी मारल्या. त्यांनी हात मागं घेतला नाही.

टॉवेलात गुंडाळलेला चिकू मांडीवर घेऊन ती गाडीत माझ्या शेजारी बसली. बेसा चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बरोबरच म्हणत होते. आबाजी खूप दुष्ट आहेत ना?"

सिग्नल हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवत होता.

"हो," मी म्हणालो.