थोड्या वेळाने या

माझी मावशी जुने पियानो दुरुस्त करते आणि तिच्या वर्कशॉपचा मेल सर्व्हर सांभाळते मी. हो, मीच! शाळा सुटली की दप्तर भिरकावते आणि जिन्याखालच्या कपाटात त्या घरघरणाऱ्या डब्यासमोर मांडी ठोकते.

मागे एका वाद्यवृंदाचा मेल लॉटऱ्या आणि टकलावरच्या तेलांच्या जाहिरातींच्या ढिगात गाडला गेला. मावशीला तो दिसलाच नाही आणि काम हातचं गेलं. आता त्यांनी पुन्हा विचारलं होतं. करार शुक्रवारी मेलने येणार, होकार त्याच संध्याकाळपर्यंत हवा. हे काम मावशीला काहीही करून हवं होतं.

म्हणून मी दारावर पहारा बसवला. नियम साधा: अनोळखी कुणी आलं की सर्व्हरने म्हणायचं, थोड्या वेळाने या. खरा पाठवणारा पुन्हा येतो. स्पॅमवाले लाखो दारं ठोठावत सुटलेले, त्यांना मागे वळायला सवड कुठली? मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, म्हणाले, चालून आलेल्या लक्ष्मीला हाकलायची ही कुठली नवी तऱ्हा.

शुक्रवारी इनबॉक्स इतका लख्ख की मी कपाटातच नाचले, डोकं जिन्याला आपटलं. आणि तेवढ्यात स्क्रीनवर ओळ उमटली. वाद्यवृंद आला होता. आमच्या पहारेकऱ्याने त्यालाही परत पाठवलं होतं.

मावशी सरसाने बरबटलेल्या हातांनी धावत आली. तिने फोन लावला, तिकडे कुणी उचलेना. काकांचं एकच टुमणं, पहारा काढ. मी म्हटलं, काढून काय उपयोग, ते तर गेले. आता नुसता कचरा घुसेल.

मावशी माझ्याशेजारी फरशीवर बसली.

"येतील म्हणतेस ना? मग बसू."

काका एका पियानोच्या एकाच पांढऱ्या पट्टीवर टंग टंग करत राहिले. बाहेर उन्हं कलली. मी स्क्रीनला नाक लावून बसले.

आणि ओळ उमटली. तोच पत्ता, दुसऱ्यांदा. आत घेतला!

मावशीने सरसाच्याच बोटांनी होकार पाठवला; कीबोर्ड अजून चिकटतो. काका खाकरले.

"गरजवंताला अक्कल नसते म्हणतात."

"चिकाटी असते," मावशी म्हणाली.

मग काकांनी हळूच मला विचारलं, हा नियम त्या विमावाल्याला लावता येईल का.

"नाही काका. तो परत येतो."