बँकेच्या लेखी सख्खे

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ नगरसेवक झाला. दोन्हींची आधी कुणाला कल्पना नव्हती. जुळ्यांचं आम्ही मनापासून कौतुक केलं.

भावाशी मी नऊ वर्षं बोलत नव्हतो. मी शिंपी. थोरलीच्या लग्नात मी त्याच्यासाठी कोट शिवला होता, तो घरी ठेवून पठ्ठ्या दुकानातला तयार कोट घालून आला. वर चारचौघांत म्हणाला, "दादा, तुझा कोट घातला की लोक मला बँडवाला समजतात." तेव्हापासून अबोला. तो आमच्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, त्यामुळे अबोला पाळायला रोज मेहनत पडायची.

बायकोचा डावा डोळा काचबिंदूने गेला होता. उजव्याच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी वीस तारीख दिली आणि बजावलं, ही चुकली तर पुढचं मी सांगू शकत नाही. पैसे होते. चाळीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करून एक ठेव साठली होती. ती मोडायला मी अकरा तारखेला बँकेत गेलो.

काउंटरवरची बाई म्हणाली, "आजोबा, तुमचं खातं थांबवलंय. तुम्ही राजकीय व्यक्तीचे जवळचे नातेवाईक आहात."

"मी शिंपी आहे."

"तेही लिहिलंय. पण खाली."

पुढारी काळा पैसा पांढरा करायला घरच्यांची खाती वापरतात, म्हणून घरच्यांची कसून तपासणी होते, असं तिने समजावलं.

"आमच्याकडे आहे तो पांढराच पुरत नाही," मी म्हणालो.

ती हसली, पण सात पानांचा फॉर्म पुढे सरकवलाच. ठेवीतला पैसा कुठून आला ते पुराव्यासह लिहायचं होतं. आखूड केलेल्या पँटी गोळा करून आणू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, झेरॉक्स चालेल.

पाचव्या पानावर प्रश्न होता, राजकीय व्यक्तीशी भेट किती वेळा होते? मी लिहिलं, 'रोज दिसतो, मी तोंड फिरवतो.'

"हे संशयास्पद वाटतं," ती म्हणाली. "आणि शेवटच्या पानावर त्यांची सही लागेल, इथे येऊन, साहेबांसमोर."

तेवढ्यात आमच्या गल्लीचा रस्ता वर्षातून दोनदा करणारा ठेकेदार भली मोठी बॅग घेऊन आला. साहेब उठून दारापर्यंत आले. चहा आत गेला, बॅगही आत गेली.

"त्यांना फॉर्म नाही?"

"ते कुणाचे नातेवाईक नाहीत ना, आजोबा."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भावजींकडे जा."

"तो कोटाबद्दल काय बोललाय, आठवतंय ना?"

"माझा डोळा मोठा की तुमचा कोट?"

मी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. तो तिने आजवर लक्षात ठेवला आहे.

संध्याकाळी भावाचं दार वाजवलं. त्याने उघडलं आणि विचारलं, "दादा? गटार तुंबलं का?"

"बँकेला तुझी सही हवी आहे. तुझ्या वहिनीचा डोळा अडलाय."

तो दारातच खाली बसला. "तुझंही थांबवलं? इथे मुलाचं कर्ज अडलंय, सासूबाईंची पेन्शन अडलीय. त्या म्हणतात, पुढच्या निवडणुकीत मी तुमच्या विरोधात उभी राहते. घरातली सगळी मतं त्यांनाच पडतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बँकेच्या बाकावर जाऊन बसलो. साहेब मीटिंगमध्ये होते. पहिला तासभर दोघांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग माझी नजर त्याच्या कोटाकडे गेली. तोच दुकानातला कोट. बाही बोटांपर्यंत लोंबत होती, खांदा घसरला होता. माझ्या गळ्यात टेप नेहमीचीच.

"उभा राहा. हात सरळ सोड."

"इथे?"

"मग काय सभागृहात येऊ?"

छाती, खांदा, बाही, सगळी मापं घेऊन फॉर्मच्या मागे लिहून ठेवली. बाई काउंटरवरून वाकून बघत होती. "आजोबा, हे काय चाललंय?"

"राजकीय व्यक्तीची कसून तपासणी," मी म्हणालो.

पैसे एकोणीस तारखेला सुटले. वीसला ऑपरेशन झालं. डोळा वाचला.

कोट महिन्याभरात शिवून दिला. एका सभेत त्याला खरंच कुणीतरी बँडवाला समजलं, हे सांगायला तो खास माझ्या दुकानात आला आणि दोन तास बसला.

फॉर्म दर सहा महिन्यांनी नव्याने भरावा लागे. आम्ही दोघे जाऊन त्याच बाकावर बसायचो. भेटीच्या रकान्यात मी लिहायचो, 'बँकेच्या कृपेने नियमित.' बाई ते खोडून 'वारंवार' असं लिहायची आणि संशयाचा एक शिक्का जास्त मारायची. साहेब उशिरा आले तरी आमची तक्रार नसे.

पद संपल्यावरही वर्षभर नातेवाइकांची तपासणी चालू राहते, असा नियम आहे. म्हणून शेवटचा फॉर्म भरायला मी एकटाच गेलो. भेट किती वेळा होते, हा रकाना होताच. त्यात जे खरं तेच लिहिलं: माझा धाकटा भाऊ सहा ऑगस्टला, मंगळवारी सकाळी, हृदयविकाराने वारला. जुळी त्या वर्षी बालवाडीत गेली.