दोन ओळींत सुटलेलं गणित

मी एक उत्तरपत्रिका आहे. नववीच्या चाचणीची, चार पानांची, कोपऱ्यात पांढरा दोरा बांधलेली. त्या दिवशी माझ्यासारख्या अठ्ठेचाळीस जणी वर्गात वाटल्या गेल्या. मी आले कपडे शिवणाऱ्या बाईच्या मुलीकडे. घरी तिला ठमी म्हणत.

शेवटच्या, चौथ्या प्रश्नापाशी ठमी थांबली. दोन समीकरणं होती.

३७x + ६३y = २३७
६३x + ३७y = २६३

आजूबाजूला सगळ्या माना खाली. कुणी सदतीसने गुणत होतं, कुणी त्रेसष्टने. समासात हातच्यांची गर्दी. ठमी नुसती बघत राहिली. मग स्वतःशीच हसली आणि माझ्यावर दोन ओळी लिहिल्या: x + y = ५, x − y = १. खाली उत्तर: तीन आणि दोन. राहिलेला वेळ तिने खिडकीबाहेर बघण्यात घालवला.

सर वाईट नव्हते. पण गठ्ठा मोठा होता, आणि उत्तर बरोबर असून गुणाकार कुठेच नव्हता. त्यांनी चारपैकी शून्य दिलं आणि शेजारी लाल शाईत लिहिलं, 'कॉपी?'

पेपर वाटताना म्हणाले, "काय गं, उत्तर स्वप्नात आलं होतं का?"

"नाही सर. दिसलं मला."

"मला चष्मा लावून दिसत नाही, तुला बरं दिसलं!"

वर्ग खो खो हसला. ठमीही थोडी हसली. मग माझी चौघडी घालून तिने मला भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. आई रोज विचारायची, "पेपर दिले का गं?"

"नाही अजून."

नवव्या दिवशी तिला ताप भरला. तो उतरलाच नाही.

दप्तर आवरायला आईला दोन महिने लागले. ती सातवीपर्यंत शिकलेली. माझ्यावरचं गणित तिला कळलं नाही, लाल शब्द मात्र कळला. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन शाळेत गेली.

"सर, मार्कांचं काही नाही. माझ्या मुलीने चोरी केली का, तेवढं सांगा."

सरांनी मला टेबलावर सरळ केलं. बराच वेळ बघितलं. मग एका कोऱ्या कागदावर लिहीत हळूहळू बोलू लागले. "दोन्हींची बेरीज केली की सदतीस आणि त्रेसष्ट, दोन्हीकडे शंभर, आणि उजवीकडे पाचशे. शंभर सामाईक, तो बाहेर काढला की x अधिक y पाच. वजाबाकी केली की दोन्हीकडे सव्वीस, उजवीकडेही सव्वीस. तोही बाहेर काढला की x उणे y एक. गुणाकारांची गरजच नाही. ती हे मनातच करून मोकळी झाली असणार. पण ताई, ही युक्ती मी अजून शिकवलीच नव्हती. तिला आपोआप कशी सुचेल, असं वाटलं मला."

आई त्या आकड्यांवरून बोट फिरवत होती. सदतीस, त्रेसष्ट. त्रेसष्ट, सदतीस.

"हे उलटसुलट ठेवलंय."

"हो."

"सर, निमुळत्या कळ्यांचा स्कर्ट बेतताना आम्ही असंच ठेवतो. एका कळीची रुंद बाजू वर, शेजारच्या कळीची अरुंद. दोघींचं मिळून वर-खाली माप एकच येतं, कापड वाया जात नाही. कळ्या मला ठमीच मांडून द्यायची. पाच वर्षांची असल्यापासून."

सरांनी चष्मा काढला. पुसला, पण पुन्हा लावला नाही. लाल पेनाचं टोपण उघडून म्हणाले, "चारपैकी चार देतो."

आईने माझ्यावर हात ठेवला. "आता मार्क कुणाला दाखवू? तो शब्द तेवढा खोडा."

त्यांनी खोडला. इतक्या जोराने, की मागच्या पानावर वळ उठले.

घरी आल्यावर आई मला मांडीवर घेऊन बसली. "मला दाखवायचंस तरी, वेडे," एवढंच म्हणाली.

आता मी तिच्या मशीनच्या खणात असते. घड्या विरल्यात, एका जागी चिकटपट्टी लावली आहे. पेपर तपासणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. उत्तर दोन ओळींत आलं, तर लेकराला आधी विचारा, 'कसं केलंस?' आणि ते सांगेपर्यंत थांबा.

माझ्यावरचा लाल शब्द पुरता गेलेला नाही. आई बघते तेव्हा त्याच्यावर रेघा असतात. ठमीने बघितला, तेव्हा नव्हत्या.