दुधातली गोळी

बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या पेंटरनेच रंगवलेल्या. अक्षर मोत्यासारखं, पण माणूस हेकट. डॉक्टरांनी बजावलं, रक्तदाब फार वाढलाय, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. तर घरी येऊन बायकोला म्हणाला, ‘‘मला काही दुखतंय का? नाही ना? मग औषध कशाला गिळायचं?’’

तिनं गोड बोलून पाहिलं, भांडून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं. हातावर ठेवलेली गोळी तो खिडकीतून भिरकवायचा. ‘‘आता कबुतरांचं बीपी बघ!’’

एका सकाळी दाढी करताना त्याच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. बेसिन धुताना तिला एकच आठवत होतं. त्याच्या थोरल्या भावाला याच दुखण्यातून अर्धांगाचा झटका आला होता. तो आता अंथरुणातून डोळ्यांनीच पाणी मागतो.

दुसऱ्या दिवसापासून ती गोळी चमच्यानं चुरून त्याच्या दुधात घालू लागली. वर चमचाभर साखर.

‘‘दूध कडसर लागतंय गं.’’

‘‘तुमची जीभच कडू, त्याला दूध काय करणार?’’ ती हसली, आणि बाथरूमचं दार लावून रडली.

पंधरवडाही झाला नसेल, तोच एका दुकानदाराचा फोन आला. पेंटर शिडीवरून पडला होता.

दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, ‘‘प्रेशर एवढं खाली कसं गेलं? औषधं कोणती घेतात?’’

ती तोंड उघडणार, तेवढ्यात पेंटर डोळे मिटूनच पुटपुटला, ‘‘रोज सकाळी एक गोळी. नाकातून रक्त आल्याचं कळल्यावर लेकीनं फोनवर शपथ घातली. कामावर गेलो की घेतो. हिला बोललो नाही. हिला वाटलं असतं, जिंकली.’’

म्हणजे रोज दोन गोळ्या पोटात जात होत्या. गप्प राहावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण गप्प राहिली असती तर त्याचा जीव गेला असता.

‘‘डॉक्टर, मीही देत होते. दुधातून. चोरून.’’

डॉक्टर लिहायचे थांबले. ‘‘अहो, तुम्ही घरात एकमेकांशी बोलता की नाही?’’

पेंटरनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. उजव्या मनगटाचा चुरा झाला होता, पण तो कण्हला नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

घरी आल्यावर तो, पडल्याचं कळताच परगावाहून आलेल्या लेकीला म्हणाला, ‘‘औषध तू दे. जेवणही तूच वाढ. हिच्या हातचं नको.’’

‘‘बाबा, आईनं तुमच्यासाठीच केलं ना?’’

‘‘विष घालणाराही दुधातच घालतो.’’

तीस वर्षं तो तिच्या हातचं जेवला होता. ती ओट्याला धरून उभी राहिली.

लेकीला नोकरी होती. आठवड्यानं ती गेली. दुसऱ्या सकाळी पेंटर टेबलाशी गोळ्यांचं पाकीट घेऊन बसला. डाव्या हातानं गोळी निघेना. दातांनी ओढलं, तर ओठ कापला.

‘‘काढून देऊ?’’ तिनं दारातूनच विचारलं.

त्यानं ओठावरचं रक्त पुसलं. मग पाकीट तिच्याकडे सरकवलं. तिनं गोळी काढून त्याच्यासमोर ठेवली, त्याच्या देखत नळाचं पाणी भरलं. त्यानं गोळी उलटसुलट करून पाहिली, गिळली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

ती पाकीट हातात धरून तिथंच बसली. उद्याही तो ते सरकवेल का, हे विचारायचा धीर तिला झाला नाही.