देहबियाचा वाटा

गावात घरं एकशे बारा. ऑलिव्हच्या तोडणीआधी बैल कापले की मांसाचे ढीगही एकशे बाराच लागतात. फ्रान्समधून पैसे येणाऱ्या घराला जेवढं, तेवढंच विधवेच्या घराला. चावडीसमोर नेच्याची हिरवी पानं अंथरायची, त्यावर ढीग मांडायचे आणि गावप्रमुखाने एकेका घराचं नाव पुकारायचं, अशी ही तिमेश्रेत. ज्याचं नाव पुकारलं तो गावाचा. अल्जीरियाचं सरकार ओळखपत्रं देतं ती वेगळी, आमच्या जुर्जुराच्या डोंगरात माणसाची ओळख इथे पटते.

गेली अकरा वर्षं नावं पुकारायचं काम बेलाईदकडे होतं. गावप्रमुख तोच, निवृत्त मास्तर, आवाज खणखणीत. तो चावडीवर बोलला की वरच्या आळीतल्या बायकांना चुलीपाशी बसून ऐकू जाई. याचा त्याला अभिमान होता. वाटपाच्या आठवडाभर आधी तालुक्याच्या कचेरीतून बोलावणं आलं तेव्हा तो इस्त्रीचा कोट चढवून गेला. त्याला वाटलं, सत्कारबित्कार असेल.

साहेब तरुण होता आणि गोड होता. गोड साहेबांपासून जपावं हे मास्तरच्या वयाच्या माणसाला मी सांगायला नको.

"मास्तर, कॉफी घ्या. तुमच्या गावात ती देहबियाबाई आहे ना?"

"माझी वहिनी ती," बेलाईद म्हणाला. "थोरल्या भावाची बायको. भाऊ वारला."

"हो, तीच. इथलं चर्च आपण सील केलं. आता ती घरातच बायका जमवते म्हणे. परवानगीशिवाय."

"तीन म्हाताऱ्या आहेत, साहेब. कॉफी पितात, गाणी म्हणतात."

"म्हणू देत की! मी कोण त्यांना अडवणारा? पण गावानेच जरा समज दिली तर आम्हाला पोलीस पाठवावे लागणार नाहीत. वाटपाला नावं तुम्हीच पुकारता, नाही का? एखादं नाव राहून गेलं, तर माणूस आहे, होतं असं." साहेबाने कपात साखर ढवळली. "तुमच्या पाइपलाइनची फाइल माझ्याच टेबलावर आहे. आणि हो, मेझियान कसा आहे? सरकारी शाळेवर आहे ना तो?"

मेझियान म्हणजे बेलाईदचा एकुलता एक मुलगा. पाइपलाइनची फाइल चार वर्षं धूळ खात पडली होती, तिच्यासाठी बेलाईदचं काळीज कधी एवढं धडधडलं नव्हतं. पण परतीच्या वाटेवर त्याने स्वतःची समजूत घातली ती पाण्याचीच. अख्ख्या गावाच्या पाण्यापुढे एका बाईच्या मांसाचं काय एवढं, असं तो स्वतःला घोकून घोकून सांगत राहिला. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याएवढा हुशार वकील मिळत नाही.

देहबिया नवरी होऊन घरात आली तेव्हा बेलाईद आठ वर्षांचा होता, आईविना वाढलेला, नाकातून शेंबूड. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं. सात वर्षांपूर्वी ती ख्रिस्ती झाली तेव्हा गावाने महिनाभर चघळलं आणि मग सोडून दिलं. "तिची प्रार्थना तिच्याजवळ, माझी माझ्याजवळ," असं मशिदीतला म्हातारा इमामसुद्धा म्हणाला होता. तेव्हापासून दर वर्षी तिचं नाव इतरांच्या बरोबरीने पुकारलं गेलं होतं. तिच्या घरात पुरुष नाही, म्हणून वाटा बेलाईदच पोचवत असे.

वाटपाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मांस तोडायला अक्ली होता, सत्तरी ओलांडलेला, तोंडाने फटकळ. चावडीच्या भिंतीला टेकून एक अनोळखी माणूस उभा होता, काळा चष्मा आणि हातात मोबाइल. तो कोण, हे कुणी विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

बेलाईद नावं पुकारू लागला. माणसं पुढे येत, आपापला ढीग टोपलीत भरत, अक्लीला चिडवत. वरच्या आळीची नावं आली. देहबियाच्या अलीकडचं घर झालं. बेलाईदने खोकून पलीकडच्या घराचं नाव घेतलं. पुढची नावं त्याने आणखी मोठ्याने पुकारली.

पण एक गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. त्याने अक्लीला सांगितलं नव्हतं. शेवटचं नाव झालं, टोपल्या भरल्या आणि हिरव्या पानांवर एक ढीग तसाच राहिला.

"राहिलं कोण?" अक्लीने विचारलं.

माणसं आपापले बूट बघत होती. ढीग उन्हात चमकत होता आणि त्यावर माशा बसायला लागल्या.

"अरे, मी विचारतोय! घरं एकशे बारा, ढीग एकशे बारा. हा कुणाचा?"

"मोजताना चुकलास तू, अक्ली," बेलाईद म्हणाला.

अक्लीने त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीजवळच्या चष्म्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याचा एक ढीग इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"असेल बाबा," तो सुरी पुसत म्हणाला. "म्हातारा झालो. चुकलो असेन."

बेलाईदला वाटलं, त्याने सुरी फेकून मारली असती तरी परवडलं असतं. शरमेने त्याचे कान तापले. चष्मेवाला मोटारीत बसून गेला, माणसं पांगली, आणि जाताना एकानेही त्याला सलाम केला नाही. त्याने तो ढीग एका पिशवीत भरला आणि घराघरातून कूसकूसची वाफ येत असताना मागच्या वाटेने वरच्या आळीला गेला.

देहबियाने दार उघडलं. चुलीवर भांडं होतं. पाणी उकळून उकळून आटलं होतं.

"वहिनी, तुझा वाटा आणलाय."

"माझं नाव घेतलंस?"

"घेतलं की," बेलाईद म्हणाला. विचार न करताच म्हणाला.

"मी गच्चीवर बसले होते, बेलाईद. एकशे अकरा नावं ऐकली. तुझा आवाज छान लागला होता आज."

त्याला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो पुटपुटला, "साहेबाने बोलावलं होतं गं. पाइपलाइन अडकलीये. मेझियानची नोकरी... तुला काय सांगू!"

"मला ठाऊक आहे. पोलीस माझ्याकडेही दोनदा येऊन गेले. माझं नाव सरकारला टोचतं, ते समजू शकते मी. तुला कधीपासून टोचायला लागलं?"

"नाही टोचत. म्हणून तर आणलं ना हे. घे, चांगलं मांस आहे."

"नाव घेऊन दिलं तर तो वाटा. असं मागच्या वाटेने पिशवीतून आलं तर ती भीक. भीक मी तुझ्या भावाच्या माघारीसुद्धा घेतली नाही." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. लहानपणी मार खाऊन आला की त्याच्याशी बोलायची तशी ती बोलली. "चावडी राहू दे. इथे पुकार. या दारात उभा राहून एकदा माझं नाव घे, मी ओ देते, आणि ते भांडं चुलीवर आहेच. जेवूनच जा."

एवढंच मागत होती ती. एक नाव, जे तो दर वर्षी चावडीवर पुकारत आला होता. बेलाईदने छाती भरून श्वास घेतला. मग त्याने मान वळवून गल्लीच्या वरच्या टोकाला पाहिलं. तिकडे कुणी नव्हतं. मग खालच्या टोकाला पाहिलं. तिकडेही कुणी नव्हतं.

"देहबिया!" तो म्हणाला, आणि चांगलं मोठ्याने म्हणाला.

पण तिने त्याची मान वळलेली पाहिली होती. ती आत गेली. चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला, मग दाराची कडी लागली, आणि ओ काही तिने दिली नाही.